गुलाब आणि बेरीच्या झाडांवरचे सोंडकिडे: नवख्या बागप्रेमींसाठी क्रमवार मार्गदर्शन

गहू किंवा तांदूळ निवडताना ताटात फिरणारे, पुढे बारीकशी सोंड असलेले किडे आपल्यापैकी बहुतेकांनी लहानपणापासून पाहिलेले आहेत. त्यांच्याच गोतावळ्यातले काही किडे धान्याऐवजी गुलाबाच्या कळ्या, स्ट्रॉबेरीचे देठ आणि रास्पबेरीची मुळे खातात, हे मला मात्र ब्रिटिश कोलंबियातील फ्रेझर खोऱ्यात राहायला आल्यावर, एका मे महिन्यात स्ट्रॉबेरीच्या वाफ्यात हिरव्या कळ्यांचा सडा पडलेला पाहून कळले. त्या वर्षी मी आधी खारीला, मग पक्ष्यांना आणि शेवटी शेजारच्या मुलाच्या चेंडूला दोष दिला. खरा अपराधी तीन मिलिमीटरांचा होता, आणि तो ओळखता येईपर्यंत हंगाम संपत आला होता.

कॅनडाच्या पश्चिम भागात किंवा सीमेपलीकडे वॉशिंग्टन राज्यात अंगणात, गॅलरीत किंवा भाड्याच्या वाफ्यावर गुलाब आणि बेरी लावणाऱ्या मराठी मंडळींसाठी हे लिहीत आहे. पुढे वर्णन केलेल्या किडींपैकी दोन मूळच्या युरोपातल्या असल्यामुळे ब्रिटन, जर्मनी, नेदरलँड्स या देशांतील वाचकांनाही यातील बराचसा भाग लागू पडेल. महिने तेवढे आपापल्या हवामानाप्रमाणे थोडे मागे-पुढे धरावेत. सुरुवातीलाच एक सांगून ठेवते. ‘यावर फवारायचे काय?’ हा आपला पहिला प्रश्न असतो आणि या किडींच्या बाबतीत त्याचे उत्तर फारसे उपयोगाचे नसते. कोणत्या आठवड्यात काय पाहायचे आणि काय वेचायचे, हे एकदा बसले की निम्म्याहून अधिक काम होते.

१. कीड नेमकी कोणती, हे आधी ठरवा

या तीन किडींना मराठीत रूढ नावे नाहीत. आमच्या घरात पडलेली नावेच मी इथे वापरते, म्हणजे पुढे घोटाळा होणार नाही.

कळीकाप्या: शास्त्रीय नाव अँथोनोमस रुबी, इंग्रजीत याला स्ट्रॉबेरी ब्लॉसम वीव्हिल म्हणतात. रंग काळा, लांबी साधारण अडीच ते तीन मिलिमीटर, म्हणजे मोहरीच्या दाण्यापेक्षा जरासा लांबट. सोंड बारीक आणि किंचित बाकदार. हा मूळचा युरोप, आशिया आणि उत्तर आफ्रिकेतला. फ्रेझर खोऱ्यातल्या ॲबट्सफर्डच्या परिसरात तो २०१९ मध्ये आढळला आणि २०२१ मध्ये वॉशिंग्टनच्या व्हॉटकॉम काउंटीत. दोन्ही भाग रास्पबेरीच्या शेतीसाठी प्रसिद्ध आहेत, त्यामुळे त्याला इथे खाण्यापिण्याची ददात नाही. याची मादी न उमललेल्या कळीला सोंडेने भोक पाडते, आत एकच अंडे घालते आणि मग कळीखालचा देठ कुरतडते. कळी काही दिवस दोऱ्याला लटकावल्यासारखी लोंबते, तपकिरी होते आणि गळते. देठ तुटल्यामुळे कळी उमलत नाही, म्हणजे आतल्या अळीला बंद दाराची खोली आणि अन्न दोन्ही एकदमच मिळतात. स्ट्रॉबेरी, रास्पबेरी, ब्लॅकबेरी आणि गुलाब या सर्वांवर तो येतो.

लाल सोंड्या: शास्त्रीय नाव मेर्हिंकाइटिस बायकलर, म्हणजेच रोझ करक्युलिओ. हा उत्तर अमेरिकेचाच रहिवासी आहे. लांबी सुमारे सहा मिलिमीटर, पाठ लाल, सोंड काळी. गुलाबावर, त्यातही पिवळ्या आणि पांढऱ्या गुलाबांवर, त्याचे विशेष प्रेम. माझ्या नणंदेच्या अल्बर्टा प्रांतातल्या कॅलगरीतील बागेत मी तो पहिल्यांदा पाहिला. पिवळ्या गुलाबाची एक कळी तिने माझ्या हातात दिली, तेव्हा ती जाड दाभणाने टोचून काढावी तशी दिसत होती. दोन दिवसांनी तीच कळी उमलली तेव्हा प्रत्येक पाकळीवर एका ओळीत सारखी भोके होती, आपण कागद घडी घालून कातरतो आणि मग उलगडतो तशी. भोके मिटलेल्या कळीला आरपार पडलेली असतात, म्हणून ती अशी एका रेषेत दिसतात. जंगली गुलाब हे अल्बर्टाचे प्रांतिक फूल असून ते रस्त्याकडेला सर्वत्र वाढते. लाल सोंड्याचा कायमचा मुक्काम तिथेच असतो.

मूळखाऊ: यात एकाहून अधिक जाती येतात. सर्वांत परिचित म्हणजे ब्लॅक व्हाइन वीव्हिल, शास्त्रीय नाव ओटिओऱ्हिंकस सल्केटस; लांबी साधारण एक सेंटिमीटर, रंग मळकट काळा. स्ट्रॉबेरीच्या मुळांवर येणारा त्याचा भाऊबंद जवळपास निम्म्या आकाराचा असतो. यांची सोंड आखूड आणि रुंद असल्यामुळे नवख्याला तो सोंडकिडा वाटतच नाही. ब्लॅक व्हाइन वीव्हिलला उडता येत नाही, कारण त्याच्या पाठीवरची कवचे एकमेकांना जुळलेली असतात. शिवाय या जातीत नर नसतात. सगळ्या माद्याच, आणि त्या नराशिवाय अंडी घालतात. म्हणजे कुंडीतून घरी आलेला एक किडासुद्धा पुढचे कुळ वाढवायला पुरेसा असतो.

इथे फसण्याच्या जागा बऱ्याच आहेत. गुलाबाच्या पानाच्या कडेला नाण्याने कापल्यासारखे गुळगुळीत अर्धवर्तुळ दिसले, तर ते पानकापी मधमाशीचे काम आहे. ती आपल्या घरट्यासाठी पान नेते, झाडाचे काही बिघडत नाही, तिला हात लावू नका. मूळखाऊ किड्याने खाल्लेली कड बारीक, वेडीवाकडी, तिकिटाच्या कडेसारखी असते. स्ट्रॉबेरीचे फूल उमललेले असून मधला भाग काळा पडला असेल आणि देठ शाबूत असेल, तर ते रात्रीच्या हिमकडाक्याने झालेले आहे. पानांची जाळी झाली असेल आणि झाडावर हिरव्या-तांबूस चकाकीचा, सोंड नसलेला भुंगेरा दिसला, तर तो जपानी भुंगेरा असू शकतो. त्याविषयी शेवटच्या टप्प्यात सांगते.

२. साहित्य जमवून ठेवा

लागणारे साहित्य असे: पांढरी जुनी चादर किंवा पांढरा ट्रे, हातभर लांबीची काठी, झाकणाचा डबा आणि भांडी घासण्याच्या साबणाचे पाणी, सिकेटर आणि जाड हातमोजे, झिपच्या प्लास्टिक पिशव्या, डोक्याला बांधायची बॅटरी, भिंग, मातीत खुपसता येईल असा थर्मामीटर, वाफ्यापासून वेगळी राहील अशी एक वही. शिवाय विकत घेतलेल्या प्रत्येक रोपाची पावती आणि त्यावरची जातीच्या नावाची चिठ्ठी जपून ठेवा, कारण कीड रोपाबरोबर आली असेल तर कोणती कुंडी कधी आणि कुठून आली, हे त्यावरूनच कळते.

३. एप्रिलपासून झटकून पाहायला सुरुवात करा

कळीकाप्या प्रौढ अवस्थेत पालापाचोळ्याखाली हिवाळा काढतो आणि स्ट्रॉबेरीला कळ्या धरू लागल्या की वर येतो. त्यामुळे पहिली पांढरी कळी दिसेपर्यंत थांबू नका. पानांच्या मधोमध हिरवे गोंडे दिसू लागले की आठवड्यातून दोनदा पाहणी सुरू करा.

वेळ सकाळची, ऊन चढण्याआधीची. गारठ्यात हे किडे सुस्त असतात आणि चटकन उडत नाहीत. सर्व सोंडकिड्यांची एक खोड लक्षात ठेवा: धक्का लागला की ते पाय आखडून खाली पडतात आणि मेल्याचे सोंग घेतात. म्हणून आधी झाडाखाली पांढरे कापड पसरा आणि मगच फांदीवर काठीने दोन-तीन टिचक्या मारा. मी पहिल्या वर्षी आधी फांदी वाकवून ‘किडा कुठे दिसतो का’ ते पाहायची, आणि तोवर तो मातीत पडून नाहीसा झालेला असायचा. कापडावर पडलेल्या कचऱ्याकडे मिनिटभर तरी शांतपणे पाहा. काळ्या ठिपक्याला हळूहळू पाय फुटतात आणि तो चालायला लागतो, मग त्याला साबणाच्या पाण्यात टाका.

रास्पबेरीच्या बाबतीत पाहणी मार्चअखेरीपासूनच करावी लागते. या भागात मूळखाऊ गटातला एक मातकट रंगाचा सोंडकिडा वसंताच्या सुरुवातीला रात्री वेलांवर चढून नुकते फुटणारे कोंब खातो. कोंब पोखरलेले दिसले आणि दिवसा काहीच सापडले नाही, तर सहाव्या टप्प्यातली रात्रीची पाहणी लवकर सुरू करा.

४. कापलेल्या कळ्या वेचा

या लेखातले सर्वांत महत्त्वाचे काम हेच, म्हणून जरा विस्ताराने लिहिते.

देठ तुटून पडलेली किंवा लोंबणारी प्रत्येक कळी म्हणजे एका अळीचे घर आहे. अळी आतच वाढते, आतच कोष करते आणि उन्हाळ्यात नवा भुंगेरा बाहेर पडतो. तो पाने आणि पाकळ्या खाऊन पोट भरतो आणि पुढच्या वसंतापर्यंत दडी मारतो. वर्षाला पिढी एकच. याचा व्यवहारातला अर्थ असा की कळी पडल्यापासून भुंगेरा बाहेर पडेपर्यंत आपल्या हातात काही आठवडे असतात, आणि त्या काळात अळी कुठे आहे हे आपल्याला पक्के ठाऊक असते. इतकी सोय दुसऱ्या कोणत्याही किडीने मला दिलेली नाही.

आठवड्यातून किमान एकदा वाफ्यावर वाकून लोंबणाऱ्या कळ्या सिकेटरने कापा, जमिनीवरच्या वेचा आणि झिपच्या पिशवीत भरा. स्ट्रॉबेरीखाली पेंढ्याचे आच्छादन असेल तर पडलेल्या कळ्या त्यात हरवतात, म्हणून पेंढा बोटांनी चाळून पाहा. पिशवी तोंड बंद करून कचऱ्यात टाका किंवा कळ्या आठवडाभर साबणाच्या पाण्यात बुडवून ठेवा. घरच्या कंपोस्टच्या ढिगात टाकू नका. घरगुती ढीग क्वचितच पुरेसा तापतो, आणि आपण किड्यांना पोसायला जागाच करून दिल्यासारखे होते.

शंका असेल तर एक प्रयोग करून पाहा. मी आठ-दहा कापलेल्या कळ्या लोणच्याच्या रिकाम्या बरणीत ठेवल्या, तळाशी किंचित ओलसर कागद घातला, तोंडाला मलमलचे फडके रबराने बांधले आणि बरणी सावलीतल्या खिडकीत ठेवली. त्याआधी एक कळी टाचणीने उघडून पाहिली, तर पुंकेसर असायला हवेत तिथे पिवळसर पांढरी, वाकडी, तपकिरी डोक्याची इवलीशी अळी होती. काही आठवड्यांनी एका सकाळी बरणीच्या काचेवर चार काळे किडे चढत होते, सोंडा वर करून. त्या दिवसापासून घरातल्या कोणालाही कळ्या वेचण्याचे महत्त्व समजावून सांगावे लागले नाही.

मात्र प्रत्येक कापलेली कळी म्हणजे एक फळ गेले, असा हिशेब करू नका. स्ट्रॉबेरीच्या घोसात पहिले फूल सर्वांत मोठे फळ देते हे खरे, पण ती कळी गेली तर झाड मागच्या कळ्यांना अधिक पोसते, आणि नुकसान काही प्रमाणात भरून निघते. थोड्या कळ्या कापल्या गेल्या म्हणून वाफा उपटून टाकणाऱ्या एका ओळखीच्या गृहस्थांना मी हे वेळेवर सांगू शकले नाही, याची रुखरुख आहे.

जाळीचे आच्छादन घालावे का, असेही विचारले जाते. नव्या जागेत लावलेल्या नव्या वाफ्यावर कळ्या येण्याआधी बारीक जाळी घातली तर उपयोग होतो. जुन्या वाफ्यात मात्र किडे आधीच पाचोळ्याखाली झोपलेले असतात, आणि जाळीमुळे ते आतच सुरक्षित राहतात. शिवाय फुले उमलू लागली की मधमाश्यांसाठी जाळी काढावीच लागते, नाहीतर फळे वेडीवाकडी येतात.

कुंपणापलीकडे हिमालयन ब्लॅकबेरीचे रान माजलेले असेल तर तेही पाहा. या भागात ते तणासारखे पसरते, आणि कळीकाप्याला त्यात पुढचा मुक्काम मिळतो, कारण स्ट्रॉबेरीचा बहर ओसरता ओसरता त्याला कळ्या येतात. आपल्या हद्दीतले तेवढे कळ्या येण्याआधी छाटावे. छाटण्यापूर्वी आत पक्ष्याचे घरटे नाही याची खात्री करावी.

५. गुलाबाच्या कळ्या

लाल सोंड्याचा हंगाम मेच्या अखेरीपासून जुलैपर्यंत. झटकण्याची पद्धत तीच, पण गुलाबाला काटे असल्यामुळे चादरीपेक्षा ट्रे बरा. भोके पडलेल्या, एका बाजूने वाकलेल्या किंवा न उमलता वाळलेल्या कळ्या देठासकट कापून पिशवीत टाका. याची अळीही कळीतच वाढते, पण पूर्ण वाढ झाल्यावर ती जमिनीत उतरते आणि हिवाळा मातीत काढते. त्यामुळे वाळलेली कळी झाडावर तशीच राहू देणे म्हणजे तिला खाली उतरायला वेळ देणे आहे.

पाहुणे येणार म्हणून भोके पडलेली पण उमललेली फुले ठेवण्याचा मोह होतो. ती खुशाल घरात आणून पाण्यात ठेवा, आणि कोमेजली की पिशवीत टाका.

६. रात्री बॅटरी घेऊन पाने पाहा

मूळखाऊ किडे दिवसा मातीच्या भेगांत, कुंडीच्या कडेखाली किंवा पाचोळ्यात लपतात आणि अंधार पडल्यावर वर चढतात. प्रौढ किडे साधारण मेअखेरीपासून जूनमध्ये बाहेर येतात, आणि बाहेर आल्यावर लगेच अंडी घालत नाहीत. आधी तीन-चार आठवडे फक्त पाने खातात. पानांच्या कडा कुरतडलेल्या दिसल्या की हेच आठवडे साधायचे असतात. रात्री दहानंतर डोक्याला बॅटरी बांधून झाडाखाली ट्रे धरायचा आणि झटकायचे. पहिल्या रात्री शेजाऱ्यांना आपण काय करतो आहोत, हे आधी सांगून ठेवलेले बरे.

ते उडू शकत नसल्यामुळे गुलाबाच्या बुंध्याला किंवा कुंडीच्या बाहेरून चिकट पट्टा गुंडाळला तर चढणारे अडकतात. चिकट पदार्थ थेट सालीला लावू नका. आधी कागदी किंवा कापडी पट्टी गुंडाळा आणि तिच्यावर लावा. झाडाची एखादी फांदी भिंतीला किंवा जमिनीला टेकत असेल तर पट्टा व्यर्थ जातो, कारण त्यांना पूल मिळतो. स्ट्रॉबेरीची पाने जमिनीवरच पसरत असल्याने तिथे हा उपाय चालत नाही.

७. मुळे पाहा, आणि सूत्रकृमी योग्य वेळी सोडा

सोंडकिड्यांपासून झाड मरते ते बहुधा मुळांवरच्या अळ्यांमुळे. पाणी भरपूर असून रोप दुपारी मलूल होते, वाढ खुंटते, पाने लालसर पडतात, आणि एक दिवस ओढून पाहिले की केसांचा टोप उचलावा तसे रोप अलगद हातात येते, खाली मुळेच नाहीत. माझ्या कुंडीतल्या चार स्ट्रॉबेरी अशाच गेल्या.

कुंडी वर्तमानपत्रावर उलटी करा आणि माती बोटांनी मोकळी करा. अळी पांढरट, इंग्रजी सी अक्षरासारखी वाकलेली, डोके तपकिरी, लांबी एक सेंटिमीटरपर्यंत. महाराष्ट्रात शेतीशी संबंध आलेल्यांना ही पाहताच हुमणी आठवेल, आणि गोंधळ होण्याचे कारणही आहे, कारण व्हँकुव्हरच्या आसपासच्या हिरवळींत हुमणीच्याच गटातला युरोपियन शेफर २००१ पासून ठाण मांडून आहे. फरक पायांत आहे. हुमणीला पुढच्या बाजूला सहा ठसठशीत पाय असतात. सोंडकिड्याच्या अळीला पायच नसतात. भिंग घ्या आणि हे पाहिल्याशिवाय पुढचा खर्च करू नका.

अळ्या सापडल्या तर मातीत कीडनाशक सूत्रकृमी सोडणे हा घरगुती बागेसाठी सर्वांत भरवशाचा उपाय आहे. ‘सूत्रकृमी’ म्हटल्यावर डाळिंब किंवा टोमॅटोच्या मुळांवर गाठी आणणारे आठवून दचकू नका. हे वेगळे आहेत. ते अळीच्या शरीरात शिरतात, सोबतचे जिवाणू आत सोडतात आणि अळी काही दिवसांत मरते. झाडाला किंवा माणसाला त्यांचा उपद्रव नसतो. बाजारात यांच्या वेगवेगळ्या जाती मिळतात. हेटेरोऱ्हॅब्डायटिस बॅक्टेरिओफोरा या जातीला माती किमान १२ अंश सेल्सिअस उबदार लागते. ब्रिटनमध्ये सहज मिळणारी स्टायनरनेमा क्राउसी ही जात ५ अंशांपर्यंतही काम करते. पाकिटावर जातीचे नाव पाहूनच घ्या. नुसते ‘बागेसाठी सूत्रकृमी’ असे लिहिलेले पाकीट हिरवळीतल्या किडीसाठीचे असू शकते.

वेळ ऑगस्टअखेर ते सप्टेंबर ही उत्तम. अंडी नुकतीच फुटून अळ्या लहान असतात, आणि माती अजून उबदार असते. एप्रिल-मेमध्येही सोडता येतात, पण तोवर अळ्यांनी हिवाळाभर मुळे खाल्लेली असतात.

सोडण्याची रीत अशी. आदल्या दिवशी माती चांगली भिजवा. थर्मामीटर पाच-सात सेंटिमीटर खोल खुपसून सकाळचे तापमान पाहा, दुपारचे फसवे असते. सूत्रकृमी ऊन सहन करत नाहीत, म्हणून संध्याकाळी किंवा ढगाळ दिवशी काम करा. पाकिटावर दिलेल्या प्रमाणात पाण्यात मिसळा, झारीची बारीक जाळी काढून टाका, आणि मधूनमधून ढवळत राहा, कारण ते तळाशी बसतात. नंतर पुन्हा थोडे साधे पाणी घालून त्यांना मातीत उतरवा, आणि पुढचे दोन आठवडे माती ओलसर ठेवा. दहा-बारा दिवसांनी कुंडीचा कोपरा उकरून पाहा: वर सांगितलेल्या पहिल्या जातीने मारलेली अळी विटकरी रंगाची आणि लिबलिबीत होते.

हे सजीव आहेत, पावडर नव्हे. पाकीट आल्यावर फ्रिजमध्ये, पण फ्रीझरमध्ये नव्हे, ठेवा आणि वापरण्याची अंतिम तारीख पाळा. माझे पहिले पाकीट ऑगस्टच्या उन्हात दिवसभर पत्रपेटीत तापत पडले होते. तरी मी ते आशेने ओतले आणि वर्षभर ‘हा उपाय काही खरा नाही’ असे सर्वांना सांगत सुटले. आता आधी चिमूटभर मिश्रण थेंबभर पाण्यात काळ्या बशीवर ठेवते आणि दहा मिनिटांनी भिंगातून पाहते. बारीक धाग्यांसारखे जीव वळवळताना दिसले तरच वापरते.

८. औषध घेण्याआधी लेबल वाचा

कळीत बंद असलेल्या किंवा मुळांत दडलेल्या अळीपर्यंत फवारा पोहोचत नाही, आणि पाठ टणक असलेल्या प्रौढ किड्याला साबणाच्या फवाऱ्याने विशेष काही होत नाही. मी एक पूर्ण मे महिना साबण फवारत होते. पानांवर डाग पडले, किडे ताजेतवाने राहिले. कोरडी खनिज भुकटी पसरण्याचा सल्लाही मिळेल, पण ती ओली झाली की निरुपयोगी ठरते, आणि इथल्या वसंतात कोरडा आठवडा मिळणे ही नशिबाची गोष्ट आहे.

रासायनिक फवारणीची वेळ आलीच तर चार गोष्टी पाहा. कॅनडात विकल्या जाणाऱ्या कीटकनाशकाच्या लेबलावर ‘पेस्ट कंट्रोल प्रॉडक्ट्स ॲक्ट’खालचा नोंदणी क्रमांक छापलेला असतो, आणि घरगुती वापरासाठी ते ‘डोमेस्टिक’ वर्गातले असावे लागते. दुसरे, त्यावर तुमच्या झाडाचे नाव असले पाहिजे; गुलाबासाठी असलेले औषध स्ट्रॉबेरीवर मारायचे नसते, मग कीड एकच का असेना. तिसरे, फळझाड असेल तर फवारणी आणि तोडणी यांत किती दिवसांचे अंतर हवे, ते लिहिलेले असते; रोज चार फळे तोडून खाणाऱ्या घरात ते पाळणे जवळपास अशक्य असते, हे आधीच मान्य करा. चौथे, फुलोऱ्यात फवारणी म्हणजे मधमाश्यांवर घाला. याखेरीज ब्रिटिश कोलंबियातील अनेक नगरपालिकांनी शोभेच्या बागेतील कीटकनाशकांवर स्वतःचे निर्बंध घातले आहेत. आपल्या पालिकेचा नियम पाहून घ्या.

आणि भारतातून येणाऱ्या कोणाच्या बॅगेतून ‘आपल्याकडचे जालीम औषध’ मागवू नका. इथे नोंदणी नसलेले कीटकनाशक आणणे नियमबाह्य तर आहेच, शिवाय त्यावरचे प्रमाण आणि प्रतीक्षाकाळ वेगळ्या पिकांसाठी आणि वेगळ्या हवामानासाठी लिहिलेले असतात. कडुनिंबाच्या तेलाची बाटली दुकानात दिसली तरी त्यावर नोंदणी क्रमांक आहे का ते पाहा. नुसती ‘पाने चमकवण्यासाठी’ म्हणून विकली जात असेल तर ती कीटकनाशक म्हणून वापरायची नसते.

९. नवे रोप घरी आणताना

माझ्याकडे मूळखाऊ आला तो एका रोपवाटिकेतून घेतलेल्या शोभेच्या झाडाच्या कुंडीतून. झाड सुंदर होते, पानांच्या एक-दोन कडा कुरतडलेल्या होत्या, आणि मी ते सवलतीत मिळते म्हणून आनंदाने उचलले. आता दुकानातच विचारून कुंडी तिरकी करते आणि मातीचा गोळा अलगद बाहेर काढून मुळे पाहते. निरोगी मुळे पांढरी आणि गोळ्याला धरून असतात. माती सैल होऊन भुसभुशीत गळू लागली तर ते रोप परत ठेवते. स्ट्रॉबेरीसाठी मातीविना मिळणारी, प्रमाणित उघड्या मुळांची रोपे घेणे सर्वांत सुरक्षित. मेलेल्या रोपाची माती दुसऱ्या कुंडीत वापरू नका. ती मोठ्या थाळीत उघडी पसरून ठेवली की रॉबिन पक्षी अळ्या वेचून नेतात.

१०. नोंद ठेवा, आणि गरज असेल तिथे कळवा

वहीत चार रकाने पुरतात: तारीख, झाड, काय दिसले, किती वेचले. दुसऱ्या वर्षी हीच वही सांगते की तुमच्या अंगणात पहिली कापलेली कळी कोणत्या आठवड्यात दिसते, आणि त्याच्या दोन आठवडे आधी चादर काढायची असते.

छायाचित्र घेताना किडा आलेखाच्या कागदावर किंवा मोहरीच्या दाण्याशेजारी ठेवा, म्हणजे आकार कळतो. एक चित्र वरून आणि एक बाजूने घ्या, सोंड दिसली पाहिजे. आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर ते चढवले तर ओळख पटवायला जाणकारांची मदत होते. फ्रेझर खोऱ्याच्या बाहेर कॅनडात कुठेही कळीकाप्यासारखी लक्षणे दिसली, तर प्रांताच्या कृषी विभागाला छायाचित्रासह कळवा. जपानी भुंगेऱ्याची शंका आली तर कॅनेडियन फूड इन्स्पेक्शन एजन्सीला लगेच कळवा. व्हँकुव्हरमध्ये तो २०१७ मध्ये सापडल्यापासून त्याच्यावर करडी नजर आहे आणि बाधित भागांतून माती व रोपे हलवण्यावर निर्बंध आहेत. कळवण्याआधी किडा मारून फेकून देऊ नका. छोट्या डबीत घालून फ्रीझरमध्ये ठेवा, आणि डबीवर तारीख व जागा लिहा, नाहीतर घरातले कोणीतरी ती मसाल्याची डबी समजून उघडते.